कातिबाचे देणे

मागच्या वर्षी शाळा उघडल्या त्या आठवड्यात आम्ही एसटीने मिरजेहून कोल्हापूरकडे निघालो होतो. वाटेत एका गावाबाहेर गाडी थांबली आणि खिडकीतून एका शिक्षणसंस्थेचे नवेकोरे फाटक दिसले. संस्था आपल्याच समाजाची. फाटकावर चांगले पाच फूट रुंदीचे बोधचिन्ह बसवलेले होते : खाली उघडे पुस्तक, वर कमान आणि कमानीच्या मधोमध बोरूचे तिरपे छाटलेले टोक. बोरूचा तो काप, ज्याला जुने कातिब 'कत' म्हणत, आम्ही सहा वेळा काढून सहा वेळा पुसला होता. संस्थाचालकांचा आग्रह चंद्रकोरीचा होता. चंद्रकोर सगळ्यांकडे असते, शाळेकडे लेखणी असावी, असे आम्हीच त्यांना समजावले होते. ते त्यांना पटले होते, हे आता फाटकच सांगत होते. आम्हांला मात्र निरोप आला होता तो एवढाच, की कमिटीला डिझाइन पसंत पडले नाही.

गाडी सुटली. कोल्हापुरात उतरल्यावर आम्ही फोन लावला. पलीकडून अतिशय प्रेमळ आवाजात उत्तर आले, "अरे भाई, वो तो हमारे भतीजे ने बनाया कंप्युटर पे. तुम्हारा देख के बनाया होगा, बच्चा है. और शाळा का काम है ना, तुमको भी सवाब मिलेगा."

बोधचिन्ह, लेटरहेड आणि सोळा पानांचे माहितीपत्रक मिळून चौदा हजार रुपये ठरले होते. ठरले होते म्हणजे तोंडी ठरले होते, चहा पिता पिता. चौदा हजारांसाठी वार्षिकाची पाने अडवायची काय, असे कुणी विचारील. विचारणाऱ्याने आधी एवढे सांगावे, की त्याच फाटकाच्या लोखंडाचे, वेल्डिंगचे, रंगाचे आणि ट्रॅक्टरभर वाळूचे पैसे कुणाचे राहिले आहेत काय? एकाचेही राहिलेले नाहीत. आम्ही चौकशी केली आहे. वेल्डर आमच्या ओळखीचा आहे. त्याला निम्मे आगाऊ आणि निम्मे फाटक उभे करण्याआधी मिळाले. सवाबाची गोष्ट त्याच्यापाशी कुणी काढली नाही.

येथे 'आम्ही' हा शब्द संपादकी थाटात वापरलेला नाही. आम्ही म्हणजे तालुक्याच्या गावात एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि वडिलांनी ठेवलेली ब्रशांची पेटी एवढ्या भांडवलावर बसलेली माणसे. आमच्यातले काही जण पेंटरांची मुले आहेत. पूर्वी कापडी बॅनर रंगवत, ट्रकांवर नावे घालत, दुकानांच्या पाट्या लिहीत. फ्लेक्स आला आणि ब्रश सुटला, तेव्हा पेजमेकर आणि कोरल ड्रॉ शिकलो. 'श्रीलिपी'त मराठी आणि 'इनपेज'मध्ये उर्दू जुळवायला शिकलो. लग्नाच्या पत्रिका, उरुसाची पोस्टरे, मुशायऱ्याचे बॅनर, पतसंस्थांचे अहवाल, कवितासंग्रहांची मुखपृष्ठे हे सारे आमच्या टेबलावरून जाते. नोकरी कुणाची नाही, पगार नाही, पेन्शन नाही. कामागणिक पैसे, तेही मिळाले तर.

पैसे बुडवणारे सगळे आपल्याच समाजात आहेत असा आमचा दावा नाही. बिल्डर बुडवतात, क्लासवाले बुडवतात. निवडणुकीच्या कामात तर पडलेला उमेदवार देत नाही आणि निवडून आलेला भेटत नाही. परंतु त्यांच्याशी आमचा व्यवहार सरळ असतो. त्यांनी बुडवले तर आम्ही त्यांना लबाड म्हणतो आणि पुढच्या वेळी दार बंद करतो. दुखणे वेगळेच आहे. आपल्यातली जी माणसे आमचे पैसे देत नाहीत ती लबाड नाहीत. पाच वक्ताची नमाज पढणारी, जकात मोजून काढणारी, गरिबाच्या मुलीचे लग्न पदरमोड करून लावून देणारी ही माणसे आहेत. त्यांनी किराणा दुकानदाराचा एक रुपया कधी ठेवला नसेल. आमचे चौदा हजार ठेवले आणि रात्री ते शांत झोपले, कारण आपण काही घेतले आहे असे त्यांना वाटतच नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

घेतले कसे नाही? फ्लेक्स छापणाऱ्याकडे जा. तो चौरस फुटावर हिशेब करतो, फ्लेक्स गुंडाळून काउंटरमागे उभा करतो आणि पैसे मोजून घेतल्यावरच पुढे सरकवतो. वस्तू त्याच्या ताब्यात असते. आमची वस्तू डोळ्यांनी घेता येते. नमुना दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक हो म्हणत नाही आणि नमुना दाखवला की वस्तू गेली! व्हॉट्सॲपवर पाठवलेला नमुना कमिटीच्या बारा जणांपर्यंत जातो, बारांतल्या एकाचा भाचा किंवा पुतण्या 'कंप्युटर जाननेवाला' असतोच, तो त्यावरून रेघा ओढतो आणि दोनशे रुपयांत काम होते. आडवी-तिडवी पाणखूण घातली तरी ती पुसायला आता वेळ लागत नाही. एका गृहस्थांनी तर आमच्या समोर, आमच्याच खुर्चीत बसून आमच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो घेतला आणि "घर में दिखा के आता हूँ" म्हणून गेले. चार दिवसांनी त्यांच्या दुकानावर पाटी लागली. त्यात आमच्या पडद्यावर पडलेली ट्यूबलाइटची तिरीपसुद्धा पुतण्याने इमानेइतबारे उतरवली होती, कारण त्याला ती डिझाइनचाच भाग वाटली.

'कंप्युटरच करतो सगळे, तुम्ही काय करता?' हा प्रश्न आम्ही पंचवीस वर्षे ऐकत आहोत. हल्ली कंप्युटरच्या जागी एआय आले आहे, प्रश्न तोच आहे. मागच्या रबीउल अव्वलमध्ये एका मंडळाने एआयकडून पोस्टर करून घेतले. जोडाक्षरे इतकी मोडली होती की मिरवणुकीच्या नावातच नको तो शब्द तयार झाला होता. रात्री साडेअकराला मंडळी आमच्या दारात उभी. आम्ही ते दुरुस्त करून दिले. पैसे? "कल देते." कल अजून उजाडायची आहे.

या सगळ्याच्या मुळाशी आमच्या मते शब्दांचा घोळ आहे. कष्टाच्या मोबदल्याला आपल्याकडे सरळ शब्द आहेत : मजुरी, मेहनताना, उजरत. गवंड्याला आपण मजुरी देतो, शिंप्याला शिलाई देतो. चित्र काढणाऱ्याची आणि अक्षर लिहिणाऱ्याची पाळी आली की शब्द बदलतात. मग मानधन येते, नजराणा येतो, हदिया येतो, काही नाही तर चहापाणी येते. हे सगळे देणाऱ्याच्या मर्जीचे शब्द आहेत. मजुरी दिली नाही तर ती बुडवली असे म्हणतात. नजराणा दिला नाही तर बुडवला असे कुणी म्हणत नाही. नाव बदलले की कर्ज आपोआप माफ होते. ही युक्ती कुणी एकाने शोधून काढलेली नाही, आपण सगळ्यांनी मिळून ती वापरात आणली आहे.

यात आपण साहित्यिकही मागे नाही, आणि हे येथेच बोलले पाहिजे. आपल्या संमेलनांतून पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनसाहेबांचे नाव निघाले की व्यासपीठावरच्या सर्वांच्या छात्या फुगतात. मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवून त्यांनी पोट भरले, हेही वक्ते मोठ्या कौतुकाने सांगतात. ते पोट भरू शकले याचा अर्थ कुणीतरी त्या होर्डिंगांचे पैसे देत होते, हे मात्र वक्त्यांच्या ध्यानात येत नाही. आपल्यातला एखादा कवी पदरचे पैसे घालून पाचशे प्रतींचा संग्रह काढतो. कागदवाल्याचे पैसे जातात, छापखान्याचे जातात, बाइंडर तर पैसे घेतल्याशिवाय गठ्ठा सोडत नाही. मुखपृष्ठ दोस्तीखात्यात. प्रकाशन-समारंभात मुखपृष्ठकाराला शाल आणि पुष्पगुच्छ मिळतो. आमच्या घरी अशा अकरा शाली आहेत. मिरजेतला एकही किराणा दुकानदार त्या घेऊन डाळ देत नाही. आणि हेच कवी पुढच्या महिन्यात, अमुक दिवाळी अंकाने कवितेचे मानधन पाठवले नाही, म्हणून हळहळताना आम्ही ऐकले आहेत. त्यांची हळहळ खरी असते, म्हणूनच आम्हांला जास्त बोचते.

नाव छापले ना, असेही सांगितले जाते. छापलेच पाहिजे. तो आमचा हक्क आहे, मोबदला नव्हे. मराठी दिवाळी अंकांचा एक काळ असा होता की दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ पाहून लोक अंक उचलत. दलालांचे नावही छापून येई आणि त्यांच्या कामाला बाजारात किंमतही होती. एकाच्या बदल्यात दुसरे सोडा, असे त्यांना कुणी सुचवले नसावे.

कुणी म्हणेल, समाजाच्या कामात एवढा हिशेब कशाला? तर ऐका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा मदत केंद्रांचे फलक, औषधांच्या याद्या, बेपत्ता माणसांचे कागद आम्ही रात्रंदिवस करून दिले. कुणाकडे बिल पाठवले नाही, आजही पाठवणार नाही. ते आम्ही दिले होते. शाळेच्या बोधचिन्हात आणि त्यात फरक हा, की पुराच्या वेळी देण्याचे आम्ही ठरवले आणि शाळेच्या वेळी आमच्या वतीने दुसऱ्याने ठरवले. दान देणाऱ्याने ठरवायचे असते. घेणाऱ्याने आधी घेऊन मग त्याला दान म्हणायचे, अशी रीत आम्ही कुठल्या मजहबात वाचली नाही.

मजहबाचा विषय त्यांनीच काढला, सवाब त्यांनीच आणला, म्हणून आम्हांलाही तिकडे जाणे भाग आहे. मजुराला त्याची मजुरी वेळेवर द्यावी, ही हदीस ठाऊक नाही असा मुसलमान सापडणार नाही. ती खुत्ब्यात सांगतात, कामगार दिनाच्या भाषणात सांगतात, कुणी तर फ्लेक्सवर छापतात. (असा एक फ्लेक्स आम्ही केला होता. त्याचे पैसे आले नाहीत.) त्यामुळे ती आम्ही पुन्हा सांगत नाही. आम्हांला दुसरीकडे बोट दाखवायचे आहे.

कुरआनातील सर्वांत लांब आयत कोणती? सूरह बकरहची २८२ वी. तिचा विषय नमाज नाही, रोजा नाही, हजही नाही. विषय आहे देण्याघेण्याची लिखापढी. मुदतीचे देणे असेल तर ते लिहून ठेवा. ज्याच्या अंगावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा. साक्षीदार ठेवावेत. रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये. हातोहात रोखीचा व्यवहार असेल तर न लिहिले तरी चालेल. म्हणजे मार्ग दोनच : आता द्या, नाही तर लिहून द्या. 'भाई, बाद में देखेंगे' हा तिसरा मार्ग त्यात कुठेही नाही. आपल्यातले जाणते लोक म्हणतील की हे कर्जाविषयी आहे. मग काम करून घेतले आणि पैसे पुढच्या महिन्यावर टाकले, याला कर्ज नाही तर काय म्हणतात?

याच आयतीत लिहिणाऱ्याचाही उल्लेख आहे, आणि शब्द आहे कातिब. त्याने न्यायाने लिहावे, लिहायला नकार देऊ नये, असे त्याला बजावले आहे. आणि शेवटाकडे असेही बजावले आहे, की कातिबाला आणि साक्षीदाराला नुकसान पोहोचता कामा नये. आम्ही मौलवी नाही, तफसीर करणे आमचे काम नाही. एका अक्षरकाराने आपल्या धंद्याचे नाव तेथे वाचले आणि तो थबकला, एवढेच. कारण आम्ही कातिबांचे वारस आहोत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिळाप्रेसांवर फारसी-उर्दूची पुस्तकेच्या पुस्तके निघत, ती कातिबाच्या हातावर. तो खास शाईने कागदावर लिही आणि ते अक्षर दगडावर उतरे. उर्दू वर्तमानपत्रे तर परवापरवापर्यंत हातानेच लिहिली जात. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक संगणकावर आले, पुढे 'इनपेज' घरोघर पोहोचले आणि कातिबाची बैठक उठली. बोरू गेला आणि माऊस आला. पण अक्षराला वळण कुठे द्यावे हे ठरवणारा डोळा तोच आहे. त्या कातिबाचे पोट पानांच्या हिशेबावर चाले. त्याच्या कागदाचा फोटो काढून पुतण्याला देण्याची सोय तेव्हा नव्हती, हे त्याचे नशीब.

निकाहाच्या वेळी आपण मेहर मोठ्याने विचारतो. नगद की उधार, तेही विचारतो. ते निकाहनाम्यात लिहितो, वकील आणि गवाहांच्या सह्या घेतो. त्याने प्रेम कमी होते असे कुणी म्हणत नाही. त्याच निकाहाच्या पत्रिकेसाठी मात्र आमच्याकडे येताना, "अपने घर का काम है, लिखा-पढ़ी कायकू?" ही पत्रिका म्हणजे काय प्रकरण असते ते ज्याने केले त्यालाच माहीत. धाकट्या चुलत्याचे नाव थोरल्याच्या वर गेले म्हणून एक दुरुस्ती, मामू रुसले म्हणून दुसरी, वर बिस्मिल्ला घालायची की ७८६ यावर दोन घरांत तह होईपर्यंत तिसरी आणि चौथी. सात-आठ प्रुफांनंतर निरोप येतो की मुलीकडच्यांनी पत्रिका बाहेरगावी छापून घेतल्या. प्रूफ आमचेच.

येथवर आम्ही दुसऱ्यांना बोललो. आता आमचे काय? आमचे हातही धुतलेले नाहीत. ज्या सॉफ्टवेअरवर आम्ही बोधचिन्हे काढली ते आमच्यातल्या कितीकांनी विकत घेतले होते? तीस रुपयांच्या सीडीत कोरल, फोटोशॉप आणि चारशे फॉन्ट मिळत तेव्हा त्या सीडीवर आम्ही आमची दुकाने उभी केली. ते फॉन्टही कुणीतरी रात्री जागून काढले होते. गुगलवरून उचललेली चित्रे पोस्टरांत बसवली, त्यांच्या फोटोग्राफरला आम्ही कधी विचारले? सूरह मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांवर आहे. स्वतः घेताना भरून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी भरणारे लोक तिने सांगितले आहेत. ती वाचताना संस्थाचालक आठवतात तसा आमचा पहिला कॉम्प्युटरही आठवतो. आम्ही स्वतः दोन वर्षांपूर्वी ती सगळी सॉफ्टवेअरे काढून टाकली. काही विकत घेतली, काही फुकट मिळणारी घेतली, काम जरा हळू झाले. हे सांगण्यात फुशारकी नाही, उशीर आहे. पण ज्याने आपल्याकडची चोरी मोजली नाही त्याने दुसऱ्याची मोजू नये.

आमचा दुसरा दोष लाजेचा आहे. पैसे मागायची आम्हांला लाज वाटते. कलावंत म्हणवून घ्यायचे आहे, मग दुकानदारासारखे तोंड कसे उघडायचे? आगाऊ मागितले तर "क्या भाई, भरोसा नहीं क्या?" हा प्रश्न येतो आणि आम्ही मान खाली घालतो. वेल्डर मान खाली घालत नाही. "भरोसा है, लोखंड के पैसे दो," म्हणतो. आमच्यातल्या पोरींना तर हे अधिक जड जाते. घरात बसून त्या पत्रिका आणि मेंदीच्या जाहिराती करतात. पैसे मागायला भाऊ किंवा वडिलांना पाठवावे लागते आणि गिऱ्हाईक त्यांना सांगते, "बेटी घर में टाइमपास करती, उसके क्या पैसे?" त्या टाइमपासवर दोन भावंडांची फी भरली जाते, हे आम्ही पाहिले आहे.

आता कायद्याविषयी थोडेसे, कारण आमच्याच लोकांना तो माहीत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र किंवा रेखाटन निर्माण होताच त्याला संरक्षण मिळते, नोंदणी करावीच लागते असे नाही. ते सुंदर असलेच पाहिजे अशीही अट नाही. आमच्यासारख्यांना त्याचा फार आधार वाटतो. हक्क दुसऱ्याला सोपवायचा तर कलम १९ प्रमाणे तो लेखी आणि सहीनिशी सोपवावा लागतो. चहा पिता पिता सोपवता येत नाही. पैसे चुकते झाल्यावरसुद्धा कलावंताचा काही हक्क शिल्लक राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले. त्यांनी दावा लावला. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाईही दिली. तेथे तर सरकारने पैसे मोजलेले होते. आमच्या फाटकावरच्या चिन्हाला एक छदामही मोजलेला नाही.

दुसरा कायदा २००६ चा, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा. एका टेबलावर बसून डिझाइनची सेवा देणारा माणूसही त्यात सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो. २०२० पासून ती 'उद्यम' या नावाने होते आणि तिला फी नाही. (फी घेणारा एजंट भेटला तर तो आपलाच भाचा असण्याचा संभव आहे.) नोंदणी असेल तर गिऱ्हाइकाने लेखी कराराप्रमाणे, आणि तो करारही ४५ दिवसांपलीकडचा नसावा, पैसे द्यायचे असतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. चुकले तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने, आणि दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल. नोंदणी काम घेण्याआधी केलेली बरी, मागाहून केलेल्या नोंदणीवरून कोर्टात वाद झाले आहेत. हे व्याज आम्हांला नको आहे, ते का नको हे या वार्षिकाच्या वाचकांना सांगायला नको. पण मुद्दल तर आमची आहे!

कायद्याने हे सगळे मिटेल असे आम्हांला वाटत नाही. चौदा हजारांसाठी कुणी वकील करीत नाही, आणि मोहल्ल्यात राहून मस्जिदीच्या ट्रस्टीला नोटीस पाठवणे म्हणजे काय, हे मोहल्ल्यात राहणाऱ्यालाच कळते. दुसऱ्या दिवशी सलामाला उत्तर येते, पण नजर वळते. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतात, भावाची बदली त्यांच्याच संस्थेत व्हायची असते. या धाग्यांत आमचे पैसे अडकलेले असतात आणि देणाऱ्यालाही ते पक्के ठाऊक असते. म्हणूनच त्याला भले म्हणावे की नाही, हा प्रश्न आम्हांला हल्ली पडू लागला आहे.

आम्ही आता एक पावतीपुस्तक छापून घेतले आहे. एका बाजूला काम काय, किती दुरुस्त्या, किती पैसे, केव्हा. दुसऱ्या बाजूला सही. निम्मे पैसे आल्याशिवाय नमुना नाही. नमुना दुकानात बसून पाहायचा. छपाईची फाइल शेवटचा रुपया आल्यावर. पहिल्या महिन्यात तीन गिऱ्हाईके उठून गेली. त्यांतले एक आमचे सख्खे मावसभाऊ होते. चौथे एक वयस्क हाजीसाहेब आले, नातवाच्या अकिक्याची पत्रिका होती, तीनशे रुपयांचे काम. त्यांनी पुस्तक हातात घेतले, चष्मा पुसला, पूर्ण वाचले आणि म्हणाले, "गवाह की दस्तखत किधर लेते?" साक्षीदाराची जागा आम्ही ठेवलीच नव्हती. दुसऱ्या पुस्तकात ठेवली आहे.

शाळेच्या फाटकाचे प्रकरण तसेच आहे. त्या वेळी पावतीपुस्तक नव्हते. पण व्हॉट्सॲपवरचे तिन्ही नमुने, त्यांच्या तारखा आणि "माशाल्ला, बहोत उमदा" हे खालचे उत्तर आम्ही छापून फाइलला लावले आहे. पैशांच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. तिच्यातले अकरा महिने उरले आहेत. गेल्या आठवड्यात आम्ही संस्थेच्या अध्यक्षांना साधे पत्र पाठवले : पैसे द्या, नाही तर देणे आहे एवढे सहीनिशी लिहून द्या, किंवा बोरू उतरवा आणि चंद्रकोर लावा. पोहोच आली आहे. तिच्यावर शिपायाची सही आहे, अध्यक्षांची नाही.